वस्तू परत येते, तिची जागा येत नाही

युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या संग्रहालयाने इटली, ग्रीस किंवा तुर्कस्तानला एखादी प्राचीन मूर्ती परत केली की ठरलेला वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, चोरीचा माल आहे, निमूट परत करा आणि माफी मागा. दुसरी म्हणते, यांनी सांभाळलं म्हणून आज बघायला तरी मिळतंय, तुमच्याकडे राहिलं असतं तर मातीत गेलं असतं. आपल्याकडे त्याला लगेच कोहिनूर आणि वाघनखांची जोड मिळते, आवाज चढतात आणि चार दिवसांत सगळं थंड होतं. हा वाद भलत्याच अंगाने चालला आहे असं मला वाटतं. दोन्ही बाजू मालकीवर भांडतात. पण प्राचीन वस्तूचं सर्वांत मोठं नुकसान ती कुठल्याही संग्रहालयात पोचण्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. कुणीतरी रात्री थडगं फोडून, नोंद न ठेवता, विकण्याजोगं तेवढं उचलतो आणि बाकीचं तुडवून जातो, तेव्हा. वस्तू जिथे आणि ज्यांच्यासोबत सापडते ती जागा वस्तूचाच भाग असते. ती जागा तोडून आणलेली वस्तू विकत घेणं हा विध्वंसातला सहभाग आहे, मग घेणारा कितीही रसिक असो. आणि अशी वस्तू परत करणं न्याय्य असलं तरी त्याने ते नुकसान भरून येत नाही. म्हणून आपली पहिली मागणी ‘परत द्या’ ही नसावी. ‘सापडल्याच्या जागेची नोंद नसेल तर घेऊ नका’ ही असावी.

दोन भांड्यांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघा. जानेवारी १९५३मध्ये फ्रान्सच्या बर्गंडी भागात व्हिक्स या खेड्याजवळ एक थडगं उघडण्यात आलं. आत ब्राँझचा एक अवाढव्य क्रातेर होता. क्रातेर म्हणजे मद्यात पाणी कालवण्याचा कुंभ. हा १.६४ मीटर उंच, २०८ किलो वजनाचा, सुमारे ११०० लिटर मावतील एवढा. मानेभोवती ग्रीक योद्धे आणि रथांची रांग. घडवणारे हात ग्रीक, बहुधा दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींतले. एवढ्यावर थांबलो असतो तर ‘ग्रीक धातुकामाचा अप्रतिम नमुना’ अशी पाटी लावून मोकळे झालो असतो. पण थडगं शाबूत होतं. त्यात तिशी-पस्तिशीतली एक स्त्री होती. तिच्या देहावर सोन्याचं जवळजवळ अर्ध्या किलोचं कंठभूषण होतं, देह गाड्याच्या साट्यावर ठेवलेला होता आणि गाड्याची चाकं काढून भिंतीच्या कडेला मांडलेली होती. इसवी सनापूर्वी ५००च्या आसपास, सेन नदीच्या उगमाकडच्या मुलखात, ज्यांना ग्रीक लोक रानटी समजत त्या समाजात एका बाईला असा मान होता, आणि तिच्या दारापर्यंत भूमध्य समुद्राकाठचा माल नद्यांच्या वाटेने पोचत होता. यातलं काहीही एकट्या कुंभावरून कळलं नसतं. हाडं, चाकं, दागिना आणि कुंभ एकत्र होते म्हणून कळलं.

आता दुसरा क्रातेर. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ५१५च्या सुमारास युक्सिथेओस नावाच्या कुंभाराने घडवलेला आणि युफ्रोनिओसने रंगवलेला. दोघांच्याही सह्या त्यावर आहेत. ट्रॉयच्या युद्धात पडलेला सार्पेडॉन, त्याच्या जखमांतून वाहणारं रक्त, पंख असलेले निद्रा आणि मृत्यू हे दोघे भाऊ त्याचा देह उचलतायत आणि मधे उभा देवांचा दूत हर्मीस ते पाहतोय. वाकलेल्या त्या दोघांच्या पाठीची रेषा आणि सार्पेडॉनच्या लुळ्या पडलेल्या डाव्या हाताचा भार यांकडे पाहताना हे मातीच्या भांड्यावर काढलंय हे विसरायला होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हे भांडं १९७२मध्ये १० लाख डॉलरला घेतलं. विकणाऱ्याने सांगितलं की ते लेबनॉनमधल्या एका घराण्याकडे १९२०पासून होतं. प्रत्यक्षात ते डिसेंबर १९७१मध्ये रोमजवळच्या चेर्वेतेरी इथे एत्रुस्कन या इटलीतल्या प्राचीन लोकांच्या दफनभूमीतून काढलं गेलं होतं. ३६ वर्षांनी, २००८मध्ये ते इटलीला परत गेलं आणि आज चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे. न्याय झाला. पण ज्या थडग्यातून ते निघालं तिथे कोण पुरलेलं होतं? पुरुष की स्त्री? अथेन्सहून आणलेलं भांडं खास दफनासाठी घेतलं होतं की दोन पिढ्या घरातल्या मेजवान्यांत वापरून झाल्यावर थडग्यात ठेवलं? शेजारी कोणती भांडी होती? मृत्यूच्या त्या चित्राचा एत्रुस्कन घराने काय अर्थ लावला असेल? इटलीची न्यायालयं, न्यूयॉर्कचे वकील, दोन्ही देशांची सरकारं सगळी एकत्र आली तरी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आता मिळणार नाही.

आणि ‘वस्तू कोणाची’ म्हणून भांडणाऱ्यांनी याच भांड्याचा जरा विचार करावा. घडवलं अथेन्समधल्या ग्रीकांनी. विकत घेतलं एत्रुस्कनांनी, ज्यांची भाषा आज कुणीही बोलत नाही. चित्रातली कथा आजच्या तुर्कस्तानातल्या लिशियाच्या राजाची. मग ते ग्रीसला न जाता इटलीला का गेलं? रक्त, भाषा, संस्कृती या कुठल्याच नात्याने याचं उत्तर देता येत नाही. उत्तर एकच: ते त्या जमिनीतून निघालं. म्हणजे मालकीचा निवाडासुद्धा शेवटी सापडल्याच्या जागेवरच झाला. ज्या गोष्टीवर सगळा हक्क उभा आहे तीच वादात सर्वांत कमी बोलली जाते.

आपल्या घरचंच उदाहरण आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४०च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा सापडला. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक छोटी मूर्ती आहे. टाउन हॉलच्या संग्रहालयात ती आजही बघता येते. कलेच्या दृष्टीने पाहिलं तर रोमन काळातल्या अशा छोट्या ब्राँझमूर्ती युरोपातल्या संग्रहालयांत ढिगाने आहेत. ही मूर्ती तिथल्या बाजारात आली असती तर सूचीपत्रात दोन ओळींची धनी झाली असती. ती मोलाची झाली कारण ती पंचगंगेकाठी, सातवाहन काळातल्या वस्तीत सापडली. समुद्रापासून घाट चढून आत आलेला हा देव पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांचा आणि घाटवाटांचा पुरावा आहे. नेवाशाच्या उत्खननात मिळालेले भूमध्य समुद्राकडच्या दोन कानांच्या सुरयांचे तुकडे दिसायला खापराच्या ढिगातल्या खापरासारखेच, पण जागेमुळे तेही तेच बोलतात.

उलट दिशेचा प्रवास तर याहून विलक्षण आहे. १९३८मध्ये इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम पंचवीस सेंटीमीटर, अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही, दोन्ही बाजूंना दोन छोट्या सेविका, डोक्यातून खाली आरपार गेलेलं भोक, म्हणजे ती एखाद्या लाकडी सामानाचा किंवा आरशाचा भाग असावी. लोक तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात, जरी ती यक्षी असण्याचीच शक्यता जास्त. ती नेमकी कुठे घडली यावर मतभेद आहेत. बैठकीवरच्या खरोष्ठी या वायव्येकडच्या प्राचीन लिपीतल्या अक्षरामुळे काही जण वायव्येकडे बोट दाखवतात, तर जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तशाच घडणीची हस्तिदंती कामं मिळाल्यामुळे काही जण आपल्या मराठवाड्याकडे. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडलं गेलं, तेव्हा ही मूर्ती त्या घरात होती. भारतीय शिल्पाच्या इतिहासात एवढी पक्की कालमर्यादा मिळणं फार दुर्मीळ. हीच मूर्ती एखाद्या दलालाने झुरिकच्या दुकानात मांडली असती तर? शैली बघून एकाने पहिलं शतक म्हटलं असतं, दुसऱ्याने तिसरं, आणि भोकरदनशी नातं सांगणाऱ्याला लोक हसले असते. नेपल्सच्या संग्रहालयात ती आहे याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तिला भारतात आणा अशी मागणी अधूनमधून कानावर येते. ती मागणी करणाऱ्यांना तिची किंमत कशामुळे आहे हेच कळलेलं नाही.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि ते कच्चे नाहीत. पहिला मुद्दा सौंदर्याचा. सार्पेडॉनच्या चित्रापुढे उभं राहून माणूस हेलावतो तेव्हा त्याला थडग्याचा नकाशा लागत नाही. उत्तम कला आपल्या पायावर उभी असते. शिवाय न्यूयॉर्कला ती लाखोंनी पाहिली, चेर्वेतेरीला त्याच्या अंशानेही कुणी जात नाही. हे दोन्ही खरं आहे. पण जागा हरवल्यावर आपण सौंदर्यही चुकीचं बघू लागतो. एजियन समुद्रातल्या सिक्लाडिक बेटांवरच्या इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातल्या संगमरवरी मूर्ती घ्या. हाताची घडी घातलेल्या, चेहऱ्यावर नाकाशिवाय काही नसलेल्या, शुभ्र. विसाव्या शतकातल्या आधुनिक शिल्पकारांना त्या आपल्याच वाटल्या, संग्राहक वेडे झाले, भाव कडाडले आणि बेटांवरची थडगी रातोरात उलटीपालटी झाली. ज्या शुभ्र निर्विकारतेवर जग भाळलं ती मूळची नव्हतीच. डोळे, केस, गालांवरच्या खुणा रंगवलेल्या असत. आणि त्यांचं काय करत असत हे कुठून कळलं? केरोस बेटावरून. तिथला एक भाग १९५०-६०च्या दशकांत लुटारूंनी उपसला. पुढे पुरातत्त्वज्ञांनी शेजारची न विस्कटलेली जागा नीट खणली, तेव्हा शेकडो तुकडे मिळाले, आणि ते एकमेकांना जुळेनात. मूर्ती दुसरीकडे, ठरवून फोडत आणि त्यांचे काही तुकडे होडीतून या एका बेटावर आणून पुरत. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा हा केवढा मोठा विधी! तो कुठल्याही अखंड, देखण्या, काचेच्या पेटीतल्या मूर्तीने सांगितला नाही. लुटारूंनी तो ढीगही नेला असता तर आज आपण फक्त ‘किती आधुनिक वाटतं’ एवढंच म्हणत बसलो असतो.

सौंदर्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना आणखी एक प्रश्न आहे. नकली काय, अस्सल काय, हे डोळ्यांनी ठरवणार का? लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने १९८५मध्ये काही दशलक्ष डॉलर मोजून संगमरवराचा एक कूरोस, म्हणजे उभ्या नग्न तरुणाचा पुतळा घेतला. सोबत जुन्या मालकीची कागदपत्रं होती. त्यातल्या १९५२ची तारीख असलेल्या एका पत्रावर जो पोस्टाचा क्रमांक होता, तो वापरात आला १९७२मध्ये. कागद खोटे ठरले. मग पुतळा? दगड तपासला, छिन्नीच्या खुणा तपासल्या, जगभरचे जाणकार बसवले, परिषद भरवली. एकमत झालं नाही. शेवटी पाटीवर लिहावं लागलं: ‘ग्रीक, इसवी सनापूर्वी सुमारे ५३०, अथवा आधुनिक बनावट.’ अडीच हजार वर्षं मागेपुढे! २०१८मध्ये तो प्रदर्शनातून काढला. जमिनीतून पुरातत्त्वज्ञाच्या देखत निघालेल्या एखाद्या ओबडधोबड हाताच्या तुकड्याबद्दल असा प्रश्न कधीच पडत नाही. आणि बनावट वस्तू एकदा अभ्यासात शिरली की ती नुसती पैशाची फसवणूक राहत नाही, तिच्यावरून काढलेले निष्कर्ष पुढच्या पाच पुस्तकांत जातात.

दुसरा मुद्दा जास्त कठीण आहे. वस्तू निघाली ती निघाली, आता ती अनाथ आहे. संग्रहालयाने घेतली नाही तर कुणा धनिकाच्या तिजोरीत जाईल आणि अभ्यासकांना दिसणारही नाही. मग घेऊन जपलेली काय वाईट? एका एका वस्तूपुरतं बघितलं तर या युक्तिवादाला उत्तर नाही, हे मी मान्य करतो. पण बाजार एका वस्तूचा नसतो. आज दिलेला पैसा उद्याच्या थडग्याची सुपारी असते. १९९५मध्ये जिनिव्हाच्या करमुक्त गोदामावर छापा पडला आणि जाकोमो मेदिची या दलालाच्या खोल्या उघडल्या, तेव्हा हजारो फोटो हाती लागले. अनेक पोलरॉइड, म्हणजे काढताच कॅमेऱ्यातून छापून निघणारे, होते. त्यांत आज नामांकित संग्रहालयांत झळकणारी भांडी मातीने लडबडलेली, फुटलेली, वर्तमानपत्रावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली दिसतात. वस्तूंच्या परदेशी चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७०चा, आणि अनेक फोटो ज्या कॅमेऱ्याने काढले तो मुळात १९७२मध्ये बाजारात आला. म्हणजे करार झाल्यावर, सगळं माहीत असताना हे चाललं होतं. दक्षिण इटलीतल्या अपुलिया भागातल्या रंगीत भांड्यांची एका अभ्यासकाने मोजदाद केली, तेव्हा जगभर विखुरलेल्या साडेतेरा हजारांहून जास्त भांड्यांपैकी रीतसर उत्खननातून आलेली शंभरात सहासुद्धा भरली नाहीत. बाकीच्यांची थडगी गेली. आपण त्या भांड्यांना जपलं म्हणणार का? दुष्काळात बी-बियाणं खाऊन पोट भरलं म्हणण्यासारखं ते आहे.

न्यूयॉर्कमधल्या मायकल स्टाइनहार्ट या धनाढ्य संग्राहकाला २०२१मध्ये १८० वस्तू सोडून द्याव्या लागल्या, किंमत सुमारे ७ कोटी डॉलर, आणि प्राचीन वस्तू विकत घेण्यावर जन्मभर बंदी आली. अशा कारवायांनी बाजारात धाक बसतो, हे चांगलंच आहे. पण धाक बसण्यासाठी गिऱ्हाइकाला पकडावं लागतं, खणणाऱ्याला पकडून काही होत नाही, एवढंच मला यातून दाखवायचं आहे.

मग कुणी म्हणेल, पुरातत्त्वशास्त्र तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे? हाइनरिख श्लीमान या जर्मन उत्खननकर्त्याने १८७०च्या दशकात ट्रॉयच्या टेकाडात प्रचंड चर खणला, ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातलं नगर शोधायच्या घाईत वरचे थर उडवून दिले, आणि १८७३मध्ये सोन्याचा साठा काढून त्याला काव्यातल्या ट्रॉयच्या राजाच्या नावाने ‘प्रायमचा खजिना’ म्हणत तो तुर्की अधिकाऱ्यांच्या हातावर तुरी देऊन देशाबाहेर नेला. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. एकोणिसाव्या शतकातलं बरंचसं उत्खनन हे सरकारी शिक्क्याची खजिन्याची खोदाईच होती. तरीही फरक बघा. श्लीमानने धसमुसळेपणाने का होईना, पण खोली आणि थर यांच्या नोंदी ठेवल्या. म्हणून पुढच्या पिढीला त्याची चूक पकडता आली: तो साठा होमरच्या कथेशी जोडल्या जाणाऱ्या काळाच्या हजारावर वर्षं आधीच्या थरातला निघाला. आज ते सोनं मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ते बर्लिनहून तिकडे गेलं, आणि त्यावरून अजून देशादेशांत तणातणी आहे. ते कुठेही गेलं तरी ट्रॉयच्या दुसऱ्या नगराच्या थरातलं हे त्याचं स्थान आता कुणी हिरावू शकत नाही. चुकीची नोंदसुद्धा दुरुस्त करता येते. नसलेल्या नोंदीचं काय करणार?

तिसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यांत मोलाचा, कारण तो पोटाचा आहे. सिसिलीतला किंवा अनातोलियातला शेतमजूर लोखंडी सळई जमिनीत खुपसून पोकळ आवाज ऐकतो आणि रात्री खणतो, तेव्हा त्याला इतिहास बुडवायचा नसतो, घर चालवायचं असतं. त्याला गुन्हेगार ठरवून वातानुकूलित सभागृहात भाषणं देणं सोपं आहे. पण त्याच्या हाती पडणारी रक्कम आणि लिलावातला आकडा यांतलं अंतर बघितलं की हा धंदा गरिबाच्या भल्याचा आहे हे म्हणणं टिकत नाही. आणि दुसरा रस्ता आहे. इंग्लंडमध्ये धातुशोधक यंत्र घेऊन शेतांतून फिरणाऱ्या हौशी लोकांना सरकारने हाकललं नाही. वस्तूची आणि जागेची नोंद करा, खजिना निघाला तर मोबदला घ्या, अशी व्यवस्था केली. २०१०मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोम गावाजवळ अशाच एकाला रोमन नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं. त्याने हात आवरला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी मडक्यातली नाणी थराथराने, वेगवेगळ्या पिशव्यांत भरत काढली. ५२,५०३ नाणी, वजन १६० किलो. गंमत पुढे आहे. सगळ्यांत उशिराची, कराउसिअस या बंडखोर सम्राटाची नाणी वर असायला हवी होती. ती बहुतेक मडक्याच्या खालच्या अर्ध्यात निघाली. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं थोडी थोडी बचत टाकत नव्हतं, मडकं एकदमच भरलं गेलं. म्हणून ही पुंजी संकटात लपवलेली नसून देवाला वाहिलेली असेल, असा विचार पुढे आला. एका मडक्याच्या आतल्या वरखाली मांडणीवरून! त्या माणसाने नाणी खिशात भरून नेली असती तर नाणी तीच राहिली असती, भावही मिळाला असता.

तेरचं उदाहरण म्हणूनच मला एकाच वेळी अभिमानाचं आणि हळहळीचं वाटतं. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत ज्याचा तगर म्हणून उल्लेख आहे, तेच हे तेर. तिथले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांतून, पांढरीच्या मातीतून, ओढ्याकाठातून निघालेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि त्यांच्या संग्रहावर आज तिथलं संग्रहालय उभं आहे. ते नसते तर यातलं बरंच मुंबईमार्गे परदेशी गेलं असतं. संग्राहक काही वाचवत नाहीत असं म्हणणाऱ्याला मी तेर दाखवेन. पण त्यांनी वाचवलं ते का टिकलं? वस्तू गावातच राहिल्या, ‘तेर’ ही जागा त्यांच्यापासून सुटली नाही. कोणती वस्तू कुठल्या थरातली, कशाशेजारची, हे मात्र बहुतेकांबाबत कायमचं गेलं. एवढ्या अर्ध्या नोंदीवरही पाँपेईशी तुलना शक्य झाली. पूर्ण नोंद असती तर काय काय कळलं असतं, या विचाराने जीव तुटतो.

मग परत करण्याला अर्थच नाही का? आहे, आणि तो जागा पुन्हा जुळते तिथे सर्वांत जास्त आहे. गेटीकडेच हेडीस या पाताळदेवाचं भाजलेल्या मातीचं एक मस्तक होतं, लालसर केसांचं आणि निळ्या दाढीचं. सिसिलीतल्या मोर्गान्तिना इथल्या देवस्थानाच्या खोदकामातल्या तुकड्यांत निळ्या रंगाची एक बट मिळाली होती. ती या दाढीतली निघाली. २०१६मध्ये मस्तक सिसिलीला गेलं. एका बोटभर बटेने त्याला त्याचं देऊळ परत दिलं. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळाच्या शिल्पांबद्दलही माझं मत याच कारणाने अथेन्सच्या बाजूचं आहे. ती एल्गिन या ब्रिटिश राजदूताने नेली तेव्हा ग्रीस हे राष्ट्रच नव्हतं, तुर्की सत्तेची परवानगी होती, ब्रिटिश संसदेने १८१६मध्ये ३५,००० पौंड मोजले, हे सगळं धरून चाललं तरी एक गोष्ट उरते: ती कुठली आहेत हे बोटभर अंतरापर्यंत ठाऊक आहे, इमारत उभी आहे, आणि एकच कलाकृती तोडून वाटलेली आहे. दक्षिण बाजूच्या एका चौकटीतल्या झुंजणाऱ्या जोडीची धडं लंडनला आणि डोकी कोपनहेगनला आहेत. हे ‘जागतिक वारशा’चं रक्षण कसं? आणि ‘आमच्याकडे सुरक्षित आहे’ हा दावा ब्रिटिश म्युझियमला २०२३नंतर करता येत नाही; तिथून सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या निघाल्या, आणि हे इतकी वर्षं कळलं नाही कारण त्यातल्या अनेकांची नीट नोंदच नव्हती.

पण विमानतळावर झेंडे लावून स्वागत करायचं, मंत्र्यांनी फोटो काढायचे आणि पुढे गोदामात ठेवायचं, अशा परतीने कुणाचं काय भलं होतं? पाँपेईच्या वेशीबाहेर चिविता जुलियाना इथल्या रोमन काळच्या बंगल्यात लुटारूंनी बोगदे खणले होते. २०१७पासून सरकारी वकील आणि पुरातत्त्व खातं यांनी मिळून तिथे उत्खनन सुरू केलं. २०२१मध्ये एक चारचाकी शोभेचा रथ जवळजवळ अखंड सापडला. बोगदे त्याच्या अगदी कडेने गेले होते. लाकूड कुजून राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतल्यावर दोरांचे पीळ दिसले, आसनावर गव्हाच्या ओंबीचा ठसा दिसला. त्याच वर्षी शेजारी गुलामांची एक खोली मिळाली: तीन खाटा, एक मूत्रपात्र, कोपऱ्यात रचलेल्या सुरया. लुटारूला रथाचे ब्राँझचे पत्रे विकता आले असते. ओंबीचा ठसा आणि गुलामाच्या खाटेची पोकळी विकता येत नाही, म्हणून त्याची कुदळ त्यातून आरपार गेली असती. प्राचीन जगातल्या श्रीमंतांच्या वस्तू बाजारामुळेही टिकतील. ज्यांच्याकडे विकण्याजोगं काहीच नव्हतं त्यांचा इतिहास फक्त जागेत असतो.

तेव्हा संग्रहालयांकडून मागायचं ते हे: १९७०नंतर बाहेर आलेल्या आणि जागेचा पुरावा नसलेल्या वस्तू घेणं आणि देणगी म्हणून स्वीकारणं, दोन्ही बंद करा, आणि आज ज्या मांडलेल्या आहेत त्यांच्या पाटीवर ‘पूर्व भूमध्य प्रदेश, बहुधा’ असलं गुळमुळीत न लिहिता ‘सापडल्याची जागा माहीत नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. परत घेणाऱ्या सरकारांकडून मागायचं ते हे की वस्तूच्या स्वागतावर जेवढा खर्च कराल तेवढा तिच्या मूळ जागेच्या उत्खननावर आणि राखणीवर करा. आणि आपल्याकडे? जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्याला देण्याचा १८७८चा कायदा अजून लागू आहे. पण तेर-भोकरदनच्या शेतकऱ्याला त्यातून कळतं ते एवढंच की जमीन अडकेल आणि कोर्टाच्या खेपा सुरू होतील. खबर दिली की दुसऱ्या दिवशी बांधावर टेप आणि कॅमेरा घेऊन माणूस येईल, जागा मोजेल, ठरलेला मोबदला महिन्याभरात देईल आणि पेरणीच्या आत शेत मोकळं करेल, अशी व्यवस्था तालुक्याच्या पातळीवर उभी करायला कोहिनूर परत यायची वाट बघावी लागत नाही.